कुंदा वाटला तो आठवडा: बायपोलर आजाराचं एक प्रकरण

रुग्ण पुरुष, वय ३२, शिक्षण आयटीआय. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका छोट्या फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, मोल्डर, म्हणजे साचे करणारा. राहायला बेळगाव-खानापूर रस्त्याच्या कडेच्या एका गावात. घरी आई, थोरला भाऊ आणि भावजय, बायको, चार वर्षांची मुलगी. थोडी भातशेती आहे, ती भाऊ बघतो. बायको चंदगड तालुक्यातली, म्हणजे माहेर महाराष्ट्रात आणि सासर कर्नाटकात. आमच्याकडे ही गोष्ट इतकी सर्रास आहे की केसपेपरवर तिची नोंदही होत नाही. या प्रकरणात मात्र गुंता तिथंच अडकला होता, म्हणून सुरुवातीलाच लिहून ठेवते.

मी मनोविकार विभागात समाजसेविका आहे. ओळख लागू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, काही दुसऱ्या घरांतले इथं आणले आहेत.

थोरल्या भावानं सांगितलेली हकिगत

जानेवारीच्या शेवटी त्याला टेम्पोतून आणलं तेव्हा हात दाव्यानं बांधलेले होते. घसा बसलेला, तरी बोलणं चालूच. भावानं डॉक्टरांना कानडीत सगळं व्यवस्थित सांगितलं: दिवाळीपासून गप्प-गप्प होता, कामावर जाईना, जेवेना, अंघोळीचाही कंटाळा. गावाजवळच्या डॉक्टरांनी डिप्रेशन म्हणून गोळी सुरू केली. महिन्याभरात गडी उठून बसला. कामावर गेला, हसायला-बोलायला लागला. आईनं देवीची ओटी भरली आणि भावानं शहरातून दोन किलो कुंदा, ही इथली दुधाची मिठाई, आणून भावकीत वाटला. पण तो काही थांबेना. रात्री दोन-तीन तास झोप, बाकी वेळ फोन. सेकंडहँड मिलिंग मशीनला टोकन देऊन आला. कारखान्यातल्या भिशीचे सव्वा लाख त्याच्याकडे असायचे, ते गेले. बायकोचं गंठण पतसंस्थेत गेलं. आदल्या रात्री मोटरसायकल घेऊन कोल्हापूरला निघाला होता, मंत्र्यांना भेटायला.

मंत्र्यांकडे काम काय, तर सीमाप्रश्न. महाराष्ट्र सरकारनं २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात घातलेला दावा आपण आठ दिवसांत निकाली काढतो, कागद तयार आहेत, असं त्याचं म्हणणं. आता बेळगावात हा विषय काढणाऱ्याला कुणी वेडा म्हणत नाही. उलट त्याला बाकड्यावर जागा करून देतात. पहिले तीन दिवस चौकात लोकांनी ऐकून घेतलं, एकानं चहाही पाजला. चौथ्या दिवशी तो पहाटे तीनला त्याच माणसाचं दार वाजवायला लागला, तेव्हा लोकांच्या लक्षात आलं. उन्मादातली भव्य स्वप्नं माणसाच्या आसपास असतं त्यातूनच येतात, म्हणून नुसत्या विषयावरून काही कळत नाही. झोप किती, वाक्य पुरं होतं का, मध्येच कुणी अडवलं तर थांबता येतं का, पैसा कसा सुटतोय, हे पाहावं लागतं. असं किमान आठवडाभर टिकलं, किंवा त्याआधीच भरती करावं लागलं, तर तो मेनिया, म्हणजे उन्माद.

डॉक्टरांनी भावाला विचारलं, यापूर्वी असं कधी झालं होतं का? भाऊ म्हणाला, नाही.

तो खोटं बोलत नव्हता. त्यानं तसं काही पाहिलंच नव्हतं.

जिनं पाहिलं तिची हकिगत

बायको पोरीला कडेवर घेऊन बाजूला उभी होती. प्रश्न कानडीत, उत्तर कानडीत. तिला कानडी बाजारापुरतं येतं. तिच्याकडे कुणी मुद्दाम दुर्लक्ष केलं असं नाही. घरातल्या मोठ्या पुरुषानं बोलायचं आणि ज्याला भाषा येते त्यानं बोलायचं, दोन्ही हिशेबांनी भाऊच पुढं होता. दुपारी मी तिच्याजवळ बाकावर बसले.

पहिल्यांदा तिच्याकडूनही काही निघेना. ‘आजारी कधी होते?’ या प्रश्नाला तिचं उत्तर एकच: ‘ही दिवाळी.’ तारखा, महिने लोकांच्या ध्यानात नसतात, म्हणून आम्ही कोऱ्या कागदावर आडवी रेघ ओढतो आणि तिच्यावर सणवार टाकतो. लग्न, पोरीचा जन्म, गावची लक्ष्मी यात्रा, भातलावणी, काजूचा हंगाम. मग एकेका जागी बोट ठेवून विचारायचं, ‘तेव्हा कसे होते? रात्री झोपायचे किती?’ आजार हा शब्द काढायचाच नाही. बोट चार वर्षांपूर्वीच्या वैशाखावर आलं आणि ती हसली.

‘तेव्हा तर लई खुशीत होते ओ. शिवजयंतीच्या चित्ररथाचं सगळं काम अंगावर घेतलं होतं. वेल्डिंग करायला पण हेच, रंगवायला पण हेच. रात्र-रात्र जागायचे. पण तेव्हा सगळं गावच जागं असतंय की.’

बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक वैशाखात निघते आणि रात्रभर चालते. तरुण पोरं आठ-पंधरा दिवस आधीपासून मांडवात झोपतात. याला मात्र मिरवणूक संपल्यावरही झोप आली नाही. पुढचे दोन आठवडे तो असाच होता. मंडळाच्या पोरांना स्वतःच्या पैशानं टी-शर्ट घेतले, कारखान्यात मालकाला शिकवायला लागला, नोकरी सोडून आला. ती त्या वेळी पोटुशी होती. तिनं सासूला सांगितलं तर सासू म्हणाली, पोर होणार म्हणून हुरूप आलाय. भाऊ त्या वर्षी गोव्याला बांधकामावर होता. पावसाच्या तोंडाला तो आपोआप शांत झाला, थोडा मलूल झाला, आणि त्याच मालकानं त्याला परत घेतलं.

त्याआधीचं, लग्नापूर्वीचं, आईकडून कळलं. चोविसाव्या वर्षी चार महिने अंथरुणाला खिळला होता. तेव्हा ‘बाहेरचं’ म्हणून देवर्षी झाला, उतारे झाले. अंगारा लावल्यावर बरा झाला, असं आई म्हणते. बायपोलरमधला, म्हणजे उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणाऱ्या आजारातला, नैराश्याचा झटका औषधाविनाही काही महिन्यांनी ओसरू शकतो. त्याचं श्रेय त्या वेळी जे चालू असेल त्याला मिळतं.

तर रेघेवर चार खुणा पडल्या: नैराश्य, उन्माद, नैराश्य, उन्माद. गावाजवळच्या डॉक्टरांपुढे त्यातली एकच होती. नुसत्या डिप्रेशनवर जी गोळी चालते तीच बायपोलर असलेल्याला एकटी दिली, सोबत मूड स्थिर ठेवणारं औषध नसलं, तर काही जणांत ती उन्मादाकडे ढकलते. इथं तसंच झालं असणार. मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही, त्यांच्यासमोर बसलेला माणूस खरोखरच नैराश्यात होता. पण नैराश्याच्या प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांना एक प्रश्न विचारायलाच हवा, आणि तो दोन मिनिटांचा आहे: कधी असे दिवस होते का की झोप निम्मी आणि थकवा मात्र नाही? हा प्रश्न रुग्णापेक्षा शेजारी झोपणाऱ्याला विचारावा. रुग्णाला ते दिवस आयुष्यातले सगळ्यात चांगले वाटलेले असतात. तो ते आजारात कशाला मोजेल?

मूड डिसऑर्डर (मनःस्थितीचे विकार) म्हणजे एकच आजार नाही. किमान दोन आठवडे टिकणारं नैराश्य, वर्षानुवर्षं रेंगाळणारी सौम्य उदासी, पूर्ण उन्माद असलेला बायपोलर, आणि फक्त सौम्य उन्माद व त्यामागून जड नैराश्य येणारा बायपोलरचा दुसरा प्रकार, जो सगळ्यांत जास्त निसटतो. सौम्य उन्मादाला चार दिवसही पुरतात आणि त्यात माणूस कामाला वाघ असतो, मग तक्रार कोण करणार? बायपोलरचं निदान व्हायला अनेकदा बरीच वर्षं जातात ती यामुळंच. बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत बायपोलर असलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक उपचाराबाहेर होते.

भरती

भाऊ त्याला धारवाडला नेणार होता. इथून पाऊणशे किलोमीटरवर मनोरुग्णांसाठीची जुनी सरकारी संस्था आहे, आज ती शिकवणारी, चांगलं काम करणारी संस्था आहे. पण ‘धारवाडला नेला’ म्हटलं की आमच्या गावांत पोरीची सोयरीक अडते. बायकोच्या माहेरचे म्हणत होते कोल्हापूरला आणा, तिकडं मराठीत बोलता येईल. शेवटी शहरातच भरती केलं, कारण रोज डबा आणणं आणि पुढं महिनोन्‌महिने तपासणीला येणं जमायला हवं होतं. सीमेवरच्या रुग्णांचं हे एक कायमचं दुखणं आहे: निम्मी फाईल मिरजेला, निम्मी बेळगावात, आणि गोळ्यांची नावं कुणालाच पाठ नाहीत. कुठंही जा, पण फाईल एकच ठेवा आणि ती बरोबर न्या.

त्याची स्वतःची तयारी नव्हती. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात यासाठी कलम ८९ आहे: नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासून, जास्तीत जास्त ३० दिवस. प्रतिनिधी म्हणून सही कुणाची, यावर व्हरांड्यात थोडी कुजबुज झाली. भावानं पेन हातात घेतलं होतं. रुग्णानंच त्या सगळ्या बडबडीत दोनदा बायकोचं नाव घेतलं, म्हणून सही तिची झाली. दुसऱ्या आठवड्यात तो सावरला, त्याला समजावून सांगितलं आणि पुढची भरती त्याच्या स्वतःच्या संमतीची केली. आम्हाला हे कागदाचं काम वाटतं, त्याला तसं वाटलं नाही. ‘माझी सही घेतली’ हे त्यानं नंतर कितीतरी जणांना सांगितलं.

हात दाव्यानं बांधल्याबद्दल भावाशी बोलले. तो म्हणाला, ‘बांधलो नसतो तर टेम्पोतनं उडी मारला असता, मॅडम. तुम्हीच सांगा काय करायचं.’ त्याचं चुकलं असं मला म्हणवेना. १०८ ला फोन करता येतो, अगदीच धोका असेल तर पोलिसांची मदत घेता येते, कायद्यानं ती त्यांची जबाबदारी आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. ते एका कागदावर लिहून दिलं.

लिथियम आणि भट्टी

आधीची डिप्रेशनची गोळी बंद झाली. पहिले काही आठवडे ओलान्झापिन हे उन्माद उतरवणारं औषध आणि सोबत लिथियम. लिथियम हे साधं क्षार आहे. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरांनी १९४९ मध्ये उन्मादावर त्याचा उपयोग दाखवला, आणि इतकी नवी औषधं येऊनही झटके परत येऊ न देण्यात आणि आत्महत्येचा धोका कमी करण्यात त्याची जागा टिकून आहे. स्वस्तही आहे. पण त्याचं माप अरुंद. रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त घेतलं तर पातळी साधारण ०.६ ते १.० मध्ये हवी. १.५ च्या वर विषबाधेची भीती. म्हणून सुरुवातीला वारंवार आणि नंतर ठरावीक काळानं रक्त तपासायचं, आणि दर सहा महिन्यांनी मूत्रपिंड व थायरॉइडची तपासणी करायची. हे सगळे डॉक्टर सांगतात. जे बहुधा सांगायचं राहून जातं ते या माणसाच्या कामाशी जोडलेलं होतं.

फाउंड्रीत ज्या दिवशी भट्टी लागते त्या दिवशी मोल्डरचा सदरा पिळून काढावा लागतो. अंगातलं पाणी आणि मीठ घामावाटे गेलं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवू लागतं, आणि सोडियमसोबत लिथियमही धरून ठेवतं. गोळी तेवढीच, पण रक्तातली पातळी चढते. जुलाब, उलट्या, ताप, पाणीसुद्धा न पिता केलेला उपवास, एकाएकी मीठ बंद करणं, या सगळ्यानं तेच होतं. आणि आमच्याकडे कंबर दुखली की मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्याही तेच करतात.

मे महिन्यात हे सगळं एकदम जुळून आलं. तीन दिवस भट्टी, मध्ये एका लग्नाचं जेवण, रात्री जुलाब, आणि कंबरेसाठी मेडिकलमधली गोळी. सकाळी चहा घेताना बशी थरथरून चहा मांडीवर सांडला. लिथियमवर बारीक कंप अनेकांना असतो, त्यालाही होता. पण हा हात नुसता कापत नव्हता, झटके देत होता. उठला तर पाय वेगवेगळ्या दिशेला पडायला लागले. जीभ जड. शेजारच्यानं ओरडून विचारलं, सकाळी-सकाळी कुठं लावून आलास? बायकोनं फडताळाच्या दारावर चिकटवलेला कागद पाहिला, पुढची गोळी दिली नाही आणि रिक्षा बोलावली. पातळी १.८ निघाली. सलाइन लावलं, लिथियम काही दिवस थांबवलं, आणि चौथ्या दिवशी तो नीट चालू लागला. नंतर डॉक्टरांनी कमी मात्रेवर ते पुन्हा सुरू केलं.

तो कागद आम्ही डिस्चार्जच्या वेळी मराठीत लिहून दिला होता. वॉर्डातल्या सूचना कानडीत, चिठ्ठी इंग्रजीत, आणि गोळ्या रोज देणार ती. त्यामुळं मराठी कागद करणं भाग होतं. त्यावर फार काही नव्हतं. हात जोरात कापणं, तोल जाणं, जीभ जड होणं, उलटी-जुलाब: यातलं काही झालं तर पुढची गोळी थांबवा आणि लगेच या. अंगदुखीला विचारल्याशिवाय काही घेऊ नका. बरं वाटतंय म्हणून आपल्या मनानं लिथियम बंद करू नका. शेवटची ओळ तिनं लाल पेनानं अधोरेखित केली होती. एकाएकी सोडलं तर उन्माद उसळून येतो.

मालकाला काय सांगायचं हा प्रश्न मग आपसूक आला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार येतो. सरकारी नोकरीत असता तर आजारपणाच्या कारणानं काढता आलं नसतं. आठ-दहा माणसांच्या खासगी फाउंड्रीत तो आधार नाही. तिथं जुनी ओळख कामी आली. मालकाला त्यानं स्वतः सांगितलं, मी फक्त शेजारी बसले. भट्टीपासून दूर कोअर शॉपमध्ये, म्हणजे साच्यांचे आतले गाभे करतात तिथं, काम, आणि फक्त पहिली पाळी. रात्रपाळी बंद, कारण झोपेचं वेळापत्रक मोडणं हे या आजारात ठिणगीसारखं असतं. पगारात थोडा फरक पडला. त्यावर त्याची कुरकुर अजून आहे, आणि ती रास्त आहे.

उतरणीचे महिने

उन्माद नजरेत भरतो, पण बायपोलर असलेल्यांचं आयुष्य जास्त खातं ते नैराश्य. पहिल्या प्रकारच्या बायपोलरमध्ये सुद्धा नैराश्याचे दिवस उन्मादाच्या सुमारे तिप्पट असतात. त्याचंही तेच. मार्च-एप्रिलमध्ये तो घराबाहेर पडेना. यात निम्मा आजार होता आणि निम्मी शरम. आपण काय-काय केलं हे आठवत होतं, आणि जे आठवत नव्हतं ते गाव सांगत होतं.

आई दर तासाला विचारायची, ‘बाळा, कसं वाटतंय?’ भाऊ म्हणायचा, ‘उठ, कामाला लाग, मन रमव.’ दोघांच्या मायेबद्दल शंका नाही, पण पहिल्या प्रश्नाला रोज दहा वेळा ‘बरं नाही’ म्हणून तो थकत होता आणि दुसऱ्या वाक्यानं त्याला आपण आळशी ठरतोय असं वाटत होतं. आम्ही सगळं सोडून एकच काम ठरवलं: पोरीला अंगणवाडीत सोडायला तो जाणार. दहा वाजता, रोज, मन असो-नसो. परत येऊन झोपला तरी चालेल. आईचा प्रश्न सकाळी एकदाच. गंमत म्हणजे पोरीनं हे काम सगळ्यांपेक्षा गंभीरपणे घेतलं. सव्वानऊलाच दप्तर लावून उंबऱ्यात उभी.

देवाचा विषय निघालाच. आईला सौंदत्तीला यल्लम्माला जायचं होतं. मी नाही म्हटलं नाही. पाणी प्यायचं, गोळी चुकवायची नाही, रात्री वेळेवर झोपायचं, एवढ्या अटींवर सगळे जाऊन आले. आईला देवापासून तोडायला गेलं की ती गोळ्यांपासून तुटते, हे या कामात सगळ्यांना ठाऊक असतं. आणि खरं सांगायचं तर त्या प्रवासात घर पहिल्यांदा एकत्र जेवलं.

जिवाचं बरं-वाईट करण्याबद्दल त्याला एकट्याला गाठून सरळ विचारलं. असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात येतो, ही समजूत चुकीची आहे. बहुतेकांना विचारल्यानं सुटल्यासारखं वाटतं. तो म्हणाला, ‘येतो विचार. पण मग भिशीवाले म्हणतील, पैसे बुडवून गेला.’ हसावं की रडावं कळेना, पण त्या क्षणी त्याला धरून ठेवणारी गोष्ट ती होती. त्याच संध्याकाळी शेतीच्या फवारणीचे डबे घरातून शेतातल्या खोलीत गेले, किल्ली भावाकडे. लिथियम एका आठवड्यापुरतंच घरात. आणि टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक तिघांच्या फोनमध्ये. मानसिक त्रासात फोनवर मदत करणारी ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, रात्रंदिवस चालते, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. बायकोनं तो एकदा वापरला, रात्री अडीचला. नवऱ्यासाठी नव्हे, स्वतःसाठी. तिची दखल आम्हीही त्यानंतरच नीट घ्यायला लागलो.

भिशीच्या नऊ जणांसमोर काय सांगायचं हे त्यानंच ठरवलं. ‘डोक्याचा आजार आहे, औषध चालू आहे, पैसे फेडणार.’ आजाराचं नाव घेतलं नाही. घ्यायलाच हवं असं नाही. दर महिन्याला पगारातून हप्ता कापून द्यायचं ठरलं. एक जण चिडला आणि अजून बोलत नाही.

पोरीबद्दलचा प्रश्न त्यानं पावसाळ्यात विचारला. वडिलांचा एक भाऊ ‘उधळ्या’ म्हणून प्रसिद्ध होता, जमीन विकून गोव्याला गेला तो परतलाच नाही, हे आईनं तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. आकडे जसे आहेत तसे सांगितले: सर्वसाधारण लोकांत शंभरात एखाद्याला बायपोलर होतो, आई-वडिलांपैकी एकाला असेल तर शंभरात पाच ते दहा मुलांना. म्हणजे नव्वद ते पंच्याण्णव मुलांना होत नाही. तो बराच वेळ हिशेब करत बसला. मग म्हणाला, ‘तिला रात्रपाळीचं काम नको.’

बऱ्या दिवसांतला कागद

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं महत्त्वाचं काम दिवाळीनंतर झालं, जेव्हा काहीच बिघडलेलं नव्हतं. नातेवाईक आजारपणात धावून येतात, बरं वाटलं की विषयच नको म्हणतात. पण उन्माद चढल्यावर ‘एटीएम कार्ड दे’ म्हटलं तर भांडण होतं, आणि नैराश्यात ‘काय हवंय तुला?’ विचारलं तर उत्तर येत नाही. ज्याचं आयुष्य आहे त्यानं नियम करायचे, ते शुद्धीत आणि बरा असताना.

तो, बायको, भाऊ आणि मी असे बसलो. पुस्तकातली लक्षणं बाजूला ठेवली आणि त्याची स्वतःची लिहिली. वर चढण्याच्या खुणा: सलग दोन रात्री पाच तासांहून कमी झोप आणि तरी थकवा नाही. दिवसाला दहा-दहा स्टेटस. पुण्यातल्या एका जुन्या मित्राला रात्री अकरानंतर फोन. ही तिसरी खूण फक्त त्याला माहीत होती. खाली उतरण्याच्या: दाढी वाढणं, पोरीला सोडायला दुसऱ्याला पाठवणं, अर्धी भाकरी टाकून उठणं.

मग पुढं काय करायचं यावर खटका उडाला. भावाचं म्हणणं, गाडीची किल्ली आणि पैसे कायमचे बायकोकडे. तो ताडकन म्हणाला, ‘बरा असताना मला आजाऱ्यासारखं वागवायचं नाही. मी हसलो तरी तुम्ही एकमेकांकडे बघताय, दादा.’ सगळे गप्प झाले, कारण ते खरं होतं. घरात त्याच्या आनंदावर पहारा बसला होता. शेवटी दोन रात्रींचा नियम ठरला: एक रात्र जागला, मोठ्यानं हसला, नवा शर्ट घेतला, तर कुणी काही बोलायचं नाही. दुसरी रात्रही तशीच गेली तर सकाळी तो स्वतः कार्ड आणि किल्ली देणार, फोनवरून पैसे पाठवायची मर्यादा कमी करणार आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवणार. आठवडाभर झोप नीट झाली की सगळं परत. पतसंस्थेत त्यानं स्वतः अर्ज दिला की बायकोच्या सहीशिवाय आपल्याला कर्ज देऊ नये. उपचाराबद्दलच्या इच्छा, म्हणजे कुठं भरती करा, कुणाला बोलवा, दाव्यानं बांधू नका, हे कायद्यातल्या आगाऊ सूचनेच्या नमुन्यात दोन साक्षीदारांसमोर लिहिलं. प्रतिनिधी बायको.

तपासणीसाठी दर वेळी शहरात येणं परवडत नाही. कर्नाटकात ‘मनोचैतन्य’ कार्यक्रमाखाली तालुका रुग्णालयांत ठरावीक मंगळवारी मनोविकारतज्ज्ञ येतात. मधल्या भेटी तिथं बांधून घेतल्या, रक्ताच्या तपासणीला तेवढं शहरात.

वैशाख आला. मंडळाची पोरं चित्ररथासाठी बोलवायला आली. तो दोन रात्री मांडवात राहिला. दुसऱ्या सकाळी बायकोनं काही न बोलता कागद ताटाशेजारी ठेवला. त्यानं कार्ड दिलं, किल्लीवरून मात्र अर्धा तास वाद घातला आणि मग तीही दिली. डॉक्टरांनी रात्रीच्या औषधात काही दिवसांसाठी वाढ केली. तो सलग नऊ तास झोपला. चित्ररथाचं वेल्डिंग दुसऱ्या कुणीतरी केलं, आणि ते वाकडं झालंय असं त्याचं ठाम मत आहे. मिरवणूक त्यानं दहा वाजेपर्यंत पाहिली. भरतीची वेळ आली नाही.

गंठण अजून पतसंस्थेत आहे. भिशीचे निम्म्याहून थोडे जास्त फिटलेत. औषध किती वर्षं, हा प्रश्न तो प्रत्येक भेटीत विचारतो. दोन मोठे उन्माद झालेल्याला डॉक्टर बहुधा दीर्घकाळ, अनेकदा कायम असंच सांगतात, आणि तो प्रत्येक वेळी नाराज होऊन गोळ्या घेऊन जातो. गेल्या भेटीत त्यानं कागदात एक बदल करून आणला. ‘प्रथम थोरल्या भावाला बोलवावे’ ही ओळ खोडून तिथं चंदगडच्या मेव्हण्याचं नाव होतं. भावाला विचारलंस का, म्हटलं. म्हणाला, ‘दादानंच सांगितलं. त्याला बांधल्याशिवाय काही सुचत नाही म्हणे.’ खाली भावाची साक्षीदार म्हणून सही होती.